गोळ्यांनी गर्भपात : दिवस मोजावेत, घरही पाहावे

सुरत शहराच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा असा जो पट्टा पसरला आहे, तेथे मराठी कानावर पडणे ही नवलाची गोष्ट नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीकाठच्या रेल्वेमार्गाने माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने आणि कापडबाजार यांनी त्यांना सामावून घेतले. महानगरपालिकेच्या शिक्षण समितीला आजही येथे मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी आणि दवाखान्यात गुजराती अशा तीन भाषांत हा संसार चालतो. पाळी चुकली आणि आणखी एक मूल आता नको असेल, तर ते सांगावे कोणत्या भाषेत आणि कोणाला, हा प्रश्न या घरांतील स्त्रीपुढे उभा राहतो. बहुधा ती कोणालाच सांगत नाही. नवरा औषधाच्या दुकानातून एक खोके आणतो आणि खोक्यावरील इंग्रजी मजकूर कोणी वाचत नाही.

हे चित्र एकट्या सुरतेचे नाही. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2015 या एका वर्षात भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यांपैकी 81 टक्के गोळ्यांनी झाले आणि जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर झाले. ज्या सहा राज्यांत हा अभ्यास झाला, त्यांत गुजरात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतही सुमारे 27 टक्के गर्भपात स्त्रीने घरीच, स्वतःच केल्याचे आढळले. या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. योग्य वेळी, योग्य मात्रेत घेतलेल्या या गोळ्या वैद्यकशास्त्रातील सुरक्षित औषधांत मोडतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्यांचा समावेश आहे. धोका येतो तो अर्धवट माहितीमुळे. दिवस किती गेले ते मोजलेले नसते, गर्भ पिशवीतच आहे याची खात्री नसते आणि रक्तस्राव वाढला तर कोठे जायचे हे ठरलेले नसते.

दोन औषधे, दोन कामे

‘गर्भपाताची गोळी’ असे एकवचनी बोलले जात असले तरी औषधे दोन आहेत. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भधारणा टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम ते रोखते. त्यामुळे गर्भाची पिशवीच्या अस्तरावरील पकड सुटते आणि गर्भाशयाचे मुख मऊ होते. दुसरे मिसोप्रोस्टॉल. ते गर्भाशयाला आकुंचन आणते आणि आतील सारे बाहेर टाकते. भारतात मिळणाऱ्या एकत्रित पाकिटात मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. पहिली गोळी घेतल्यानंतर 24 ते 48 तासांनी उरलेल्या चार घ्यायच्या, ही त्यामागील योजना. पहिली घेऊन ‘काहीच झाले नाही’ म्हणून थांबणे किंवा घाईने पाचही गोळ्या एकदम गिळणे, या दोन्ही चुका पाकिटाची रचना न समजल्यामुळे होतात.

दोन्ही औषधांचा उगम वेगवेगळा आहे. मिफेप्रिस्टोन 1980 च्या सुमारास फ्रान्समधील रूसेल-युक्लाफ कंपनीत तयार झाले. एतिएन-एमिल बोलिए हे शास्त्रज्ञ त्याच्याशी कायमचे जोडले गेले, आणि 1988 मध्ये फ्रान्सने त्याला मान्यता दिली. मिसोप्रोस्टॉल मुळात पोटातील व्रणावरचे औषध. ते गर्भाशयावरही काम करते हा शोध प्रयोगशाळेबाहेर पसरला तो 1980 च्या दशकातील ब्राझीलमध्ये. तेथे गर्भपाताला कायद्याने जवळजवळ बंदी होती आणि स्त्रियांनी हे ज्ञान एकमेकींना तोंडी दिले. भारतात मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये आणि एकत्रित पाकिटाला 2008 मध्ये परवानगी मिळाली.

येथे एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी निराळी. ती गर्भधारणा होऊ नये म्हणून असते आणि राहिलेला गर्भ पाडू शकत नाही. पाळी आठ-दहा दिवस चुकल्यावर ती गोळी घेऊन निर्धास्त राहिलेली स्त्री मोलाचे दिवस गमावते. कच्ची पपई, गूळ-ओव्याचा काढा, तिळाचे लाडू यांनीही गर्भ पडत नाही. दिवस मात्र पुढे सरकतात.

दिवसांचे गणित

गर्भाचे वय संबंधाच्या रात्रीपासून किंवा पाळी चुकल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. बहुतेक घोटाळा येथेच होतो. समजा शेवटची पाळी 1 जूनला सुरू झाली. चक्र 28 दिवसांचे असेल तर पुढची पाळी 29 जूनला यायला हवी. ती आली नाही म्हणून आठवडाभर वाट पाहून 6 जुलैला लघवीची चाचणी केली आणि दोन रेषा उमटल्या, तर त्या स्त्रीच्या मते ‘आठच दिवस वर गेले’. वैद्यकीय हिशेबाने मात्र पाच आठवडे पूर्ण झालेले असतात. भारतात या पाकिटाला मान्यता आहे ती नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंत. वरील उदाहरणात ती मुदत 3 ऑगस्टला संपते. चाचणी झाल्यावर हाती जेमतेम चार आठवडे उरतात. ते विचार करायला पुरेसे आहेत, दवडायला नाहीत.

या मुदतीत गोळ्या घेतलेल्या शंभरातील सुमारे 95 ते 98 जणींना आणखी कोणत्याही उपचाराची गरज पडत नाही. दिवस जसजसे वाढतात तसतसे हे प्रमाण घटते, वेदना व रक्तस्राव वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेत बारा आठवड्यांपर्यंतही या औषधांचा वापर सांगितला आहे. ती वेगळी योजना आहे. दुकानातील पाकीट त्यासाठी पुरेलच असे नाही.

बाळंतपणानंतर पाळी परतण्याआधीच पुन्हा दिवस गेले असतील, पाळी अनियमित असेल किंवा तारीखच आठवत नसेल, तर अंदाजावर विसंबू नये. सोनोग्राफी प्रत्येकीला अटळ नसते, पण अशा वेळी ती टाळणे शहाणपणाचे नाही. फार लवकर, साडेचार-पाच आठवड्यांच्या आत केलेल्या सोनोग्राफीत काही दिसत नाही आणि डॉक्टर आठवड्याने पुन्हा बोलावतात. पैसे उकळण्यासाठी ते बोलावतात असा समज करून घेऊन पुन्हा न जाणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात. वास्तविक गर्भ पिशवीतच आहे ना, हे त्या दुसऱ्या खेपेलाच कळायचे असते.

गोळ्या कोणासाठी नाहीत

गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा त्यावर परिणाम होत नाही. नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेतते. फसवे असे की अशा स्त्रीलाही गोळ्यांनंतर अंगावरून थोडेफार जाते आणि ‘झाले एकदाचे’ असे वाटते. पोटात एकाच बाजूला सतत दुखणे, चक्कर, खांद्याच्या टोकाशी विचित्र कळ ही लक्षणे असतील, पूर्वी गर्भ नळीत राहिल्याचा इतिहास असेल, नसबंदीनंतर दिवस गेले असतील किंवा तांबी बसवलेली असताना गर्भ राहिला असेल, तर तपासणीआधी गोळ्यांना हात लावू नये. तांबी असल्यास ती आधी काढावी लागते.

रक्त गोठण्याचा विकार, रक्त पातळ ठेवणारी औषधे, दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइडचे उपचार, अधिवृक्क ग्रंथीचा जुनाट आजार, पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार आणि या औषधांची ॲलर्जी ही आणखी कारणे. आधीचे सिझेरियन मात्र या सुरुवातीच्या आठवड्यांत अडथळा ठरत नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही औषधे घेता येतात.

रक्तक्षयाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण आपल्याकडे तो इतका सर्वत्र आहे की कोणाला आजारच वाटत नाही. घरातील सर्वांचे जेवून झाल्यावर उरलेसुरले खाणारी, वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने दोन बाळंतपणे झालेली स्त्री धापा टाकत काम करते आणि तिला कोणी रक्त तपासायला सांगत नाही. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी होणारा रक्तस्राव तिला झेपणारा नसतो. अशा स्त्रीने रुग्णालयात, देखरेखीखालीच गर्भपात करून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही रक्ततपासणी सहज होते, आणि त्याच वेळी रक्तगटही कळतो. तो आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

घर पाहून निर्णय

शरीर अनुकूल असले म्हणजे गोळ्याच योग्य, असा निष्कर्ष काढला जातो. दवाखान्यांतील सल्लामसलतही बहुधा तेथेच थांबते. खरे तर निम्मा निर्णय शरीराचा आणि निम्मा घराचा असतो.

गोळ्यांनी होणारा गर्भपात ही काही तासांची, वेदना आणि रक्तस्रावाची घटना आहे, आणि ती घडते घरात. लिंबायत किंवा पांडेसऱ्यातील दहा बाय बाराची खोली, त्यात दोन मुले, सासू, आणि चार खोल्यांना मिळून एक संडास अशी स्थिती असेल तर त्या दिवशी स्त्रीने जायचे कोठे? मिसोप्रोस्टॉलनंतर पाच-सहा तास तिला वरचेवर संडास लागतो, जुलाब होऊ शकतात, गुठळ्या पडतात, थंडी वाजून ताप येतो. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत असेल तर रात्री तिच्याजवळ कोण? शेजारणीला काय सांगायचे? ती स्वतः साड्यांना लेस लावण्याचे किंवा धागे कापण्याचे काम घरी घेत असेल, तर नगावर मिळणारी मजुरी त्या दोन दिवसांची बुडते. मुलांचे जेवण, पाणी भरणे ही कामे थांबत नाहीत ती वेगळीच.

या प्रश्नांची उत्तरे ‘होते व्यवस्था’ अशी असतील, म्हणजे सोबतीला एक विश्वासू माणूस, जवळ स्वतंत्र किंवा निदान मोकळा संडास, दोन दिवसांची सवड, रात्री रिक्षा मिळेल अशी जागा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दवाखान्यात येण्याची शक्यता, तर गोळ्या हा उत्तम मार्ग आहे. शस्त्रे नाहीत, भूल नाही, अनोळखी हातांचा स्पर्श नाही. अनेकींना तो मोठी पाळी आल्यासारखा वाटतो आणि म्हणून मनाला सोसवतो.

उत्तरे नकाराची असतील तर दुसऱ्या मार्गाचा विचार कमीपणाचा नव्हे. व्हॅक्यूम ॲस्पिरेशन, म्हणजे निर्वात पंपाने किंवा मोठ्या पिचकारीसारख्या साधनाने पिशवी रिकामी करणे, बारा आठवड्यांपर्यंत करता येते. प्रत्यक्ष प्रक्रिया पाच-दहा मिनिटांची असते आणि जागेवर सुन्न करण्याचे इंजेक्शन बहुधा पुरते. काही तासांत स्त्री घरी जाते, आणि गर्भपात पूर्ण झाला की नाही हे त्याच दिवशी कळते. रक्तस्राव कमी होतो. हवी असल्यास तांबी त्याच वेळी बसवता येते. ज्या घरात कोणालाही कळू नये अशी इच्छा आहे, तेथे दोन दिवसांच्या लपाछपीपेक्षा दवाखान्यातील एक सकाळ अधिक गुप्त राहते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मात्र पात्याने पिशवी खरवडण्याची जुनी ‘क्युरेटिंग’ची पद्धत निराळी. ती मागे पडावी असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे, आणि डॉक्टर कोणती पद्धत वापरणार हे विचारण्याचा स्त्रीला पूर्ण अधिकार आहे.

सुरतेच्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुटीत, लग्नसराईत किंवा सणाला गावी जाण्याची घाई असते आणि ‘गाडीत बसण्याआधी घेऊन टाकू’ असा विचार होतो. उधन्याहून अमळनेर वा जळगावपर्यंतच्या प्रवासात, गर्दीच्या डब्यात, रक्तस्राव सुरू होणे यासारखी दुर्दशा नाही. पहिली गोळी घेतल्यापासून निदान आठवडाभर, रुग्णालय हाताशी असलेल्या ठिकाणीच राहावे.

मनाचा निर्णय झाला नसेल तर? चार-सहा दिवस थांबण्याने बिघडत नाही. नऊ आठवड्यांची तारीख डोळ्यांपुढे असली म्हणजे झाले. पण पहिली गोळी घेतल्यावर मागे फिरण्याचा खात्रीचा उपाय नाही. गोळ्या घेऊनही गर्भ वाढत राहिला तर मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून सासूच्या किंवा नवऱ्याच्या आग्रहाखातर, मन तयार नसताना, पहिली गोळी घेऊ नये. आणि उलट, तिचे मन पक्के असताना ‘पहिले आहे, राहू दे’ म्हणून तिला आठवडे घालवायला लावणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे.

पहिल्या गोळीपासून पंधराव्या दिवसापर्यंत

पहिली गोळी बहुधा दवाखान्यात, डॉक्टरांसमोर घ्यायची असते. त्या दिवशी फारसे काही होत नाही. थोडी मळमळ, क्वचित किंचित रक्त, एवढेच. नेहमीची कामे करता येतात. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या जिभेखाली, गालात किंवा योनिमार्गात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेवायच्या असतात. त्या पाण्याबरोबर लगेच गिळायच्या नसतात. जिभेखाली वा गालात ठेवल्यास अर्धा तास विरघळू द्याव्यात आणि उरलेला चुरा मग गिळावा. वेदनाशामक गोळी त्याआधी किंवा कळा सुरू होताच घ्यावी. या दुखण्यावर आयबुप्रोफेन हे पॅरासिटामॉलपेक्षा अधिक उपयोगी ठरते. पोट शेकल्यानेही आराम पडतो.

कळा आणि रक्तस्राव साधारणतः एक ते चार तासांत सुरू होतात. रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो, गुठळ्या पडतात, आणि गर्भ पडून गेल्यावर जोर आपोआप ओसरतो. त्यानंतर नऊ-दहा दिवस ते दोन आठवडे थोडेथोडे अंगावरून जाते; काहींना पुढील पाळीपर्यंत डाग दिसतात. त्या दिवशी आलेली थंडी आणि ताप औषधाचे असतात आणि काही तासांत उतरतात.

घाबरण्याजोगे कोणते आणि न घाबरण्याजोगे कोणते, ही रेषा स्पष्ट आहे. सलग दोन तास, दर तासाला दोन जाड पॅड पूर्ण भिजत असतील तर तो नेहमीचा रक्तस्राव नव्हे. दुसऱ्या दिवसानंतरही 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप राहिला, स्रावाला दुर्गंधी आली, वेदनाशामकाने पोटदुखी मुळीच कमी झाली नाही, भोवळ आली, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. गुजरातमध्ये काय आणि गोव्यात काय, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. उलट, मिसोप्रोस्टॉलनंतर 24 तासांत रक्तस्राव झालाच नाही किंवा नुसते डाग पडले, तर हेही डॉक्टरांकडे जाण्याचेच कारण आहे. गर्भ नळीत असण्याची किंवा वाढत राहिल्याची ती खूण असू शकते. दुकानातून दुसरे पाकीट आणून तोच प्रयोग पुन्हा करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

रुग्णालयात गेल्यावर गोळ्या घेतल्याचे लपवू नये. लपवल्याने निदान लांबते. किती गोळ्या, कोणत्या दिवशी, कशा घेतल्या हे सांगितले की डॉक्टरांचे काम निम्मे होते.

पंधराव्या दिवशीची तपासणी आपल्याकडे सर्वाधिक चुकवली जाते. गर्भपात पूर्ण झाला का, हे त्या दिवशी ठरते. लघवीची चाचणी मात्र तेव्हा फसवी असते. गर्भ पूर्ण पडून गेला तरी चार आठवड्यांपर्यंत ती होकारार्थी येऊ शकते. सोनोग्राफीच्या अहवालात अस्तर जाड दिसले म्हणून लगेच पिशवी साफ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर रक्तस्राव थांबलेला असताना आणि ताप-दुखणे नसताना त्याची गरज आहे का, हे विचारावे. दुसरे मतही घ्यावे. नुसते जाड अस्तर हे शस्त्रक्रियेचे कारण नसते.

सही कोणाची?

सुरतेच्या न्यायालयाचा मराठी स्त्रीलेखनाच्या इतिहासाशी एक विलक्षण संबंध आहे. 1881 मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, लोकलज्जेच्या भयाने नवजात मुलाचा जीव घेतल्याबद्दल, सुरतेत फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि ती 1882 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, तेही अशाच अडलेल्या विधवांसाठी. दिवस गेलेल्या स्त्रीपुढे त्या काळी कायद्याने जवळजवळ कोणताही मार्ग ठेवला नव्हता. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 312 गर्भपात करणाऱ्याला आणि स्वतः स्त्रीलाही गुन्हेगार ठरवत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कलम 88 व्या क्रमांकाने टिकून आहे.

बदल झाला तो त्या कलमाला अपवाद निर्माण करून. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. 2021 च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे ठरवले, विशिष्ट गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा दिली, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण केवळ ‘विवाहितेपुरते’ न ठेवता कोणत्याही स्त्रीला लागू केले. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करण्यासाठी त्या विषयाचा ठरावीक अनुभव वा प्रशिक्षण असलेला डॉक्टर हवा. सरकारी रुग्णालयाला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. खासगी जागेला ती घ्यावी लागते. आयुर्वेदिक वा होमिओपॅथिक वैद्याने, परिचारिकेने किंवा औषधविक्रेत्याने या गोळ्या देणे आजच्या कायद्यात बसत नाही.

अठरा वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. सासू-सासऱ्यांची तर नाहीच. अनेक दवाखाने ती तरीही मागतात, ‘पुढे भानगड नको’ म्हणून. 29 सप्टेंबर 2022 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही कायद्याचे समान संरक्षण असल्याचा निर्णय दिला. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असेही त्याच निकालात म्हटले. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे भाग पडते. मात्र तिच्या विनंतीवरून डॉक्टर तिची ओळख त्या अहवालात गुप्त ठेवू शकतात, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले.

या कायद्याचे उणेपणही सांगायला हवे. केवळ ‘मला मूल नको’ हे कारण त्यात थेट लिहिलेले नाही. जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका, बलात्कार, गर्भातील व्यंग, गर्भनिरोधकाचे अपयश अशा कारणांवर डॉक्टरांनी आपले मत द्यायचे असते. व्यवहारात सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भनिरोधकाचे अपयश हे कारण नोंदवले जाते आणि वाट मोकळी होते. तरी अखेरचा शब्द कागदावर डॉक्टरचा राहतो.

औषधविक्रेते हे पाकीट ठेवायला कचरतात त्याचे कारण दुसऱ्याच कायद्यात आहे. गुजरातमध्ये 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 890 मुली होत्या. महाराष्ट्रात 2012 च्या परळी प्रकरणानंतर औषध प्रशासनाने या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली. स्त्रीभ्रूणहत्या रोखण्याचा हेतू योग्यच. पण नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर लिंग कळत नाही. त्यामुळे मुदतीत घेतलेल्या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध जोडणे चुकीचे आहे. त्या गल्लतीची किंमत शेवटी गल्लीतल्या एखाद्या भोंदूकडे जाणाऱ्या स्त्रीला मोजावी लागते.

सुरतेत मजुरा गेटजवळील नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि उमरवाड्यातील महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे, आणि वस्तीतील आशा कार्यकर्ती तेथवरची वाट दाखवू शकते. गोव्याच्या वाचकांसाठी बांबोळीचे गोमेकॉ आणि म्हापसा व मडगावची जिल्हा रुग्णालये हीच ती ठिकाणे. कायदा सुरतेत जो, तोच सत्तरीत.

पुढची पाळी

पुढील पाळी साधारणतः चार ते सहा आठवड्यांनी येते. परंतु बीजनिर्मिती त्याच्या बरीच आधी, गर्भपातानंतर अवघ्या आठ-दहा दिवसांतही होऊ शकते. म्हणजे पाळी येण्यापूर्वीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. एका गर्भपाताने पुढे मूल होत नाही, ही सासरी-माहेरी सांगितली जाणारी भीती निराधार आहे. गुंतागुंतीशिवाय झालेल्या गर्भपाताने प्रजननक्षमता घटत नाही, आणि धोक्याचे असते ते हेच न जाणणे. गर्भनिरोधक गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या दिवसापासूनच सुरू करता येतात. सरकारी केंद्रांत मोफत मिळणारे, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शनही त्याच सुमारास घेता येते. तांबीसाठी मात्र गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री लागते, म्हणजे पुन्हा ती पंधराव्या दिवसाची फेरी. त्या फेरीला जाताना पाकिटाचे रिकामे खोके आणि गोळ्या घेतल्याच्या तारखा लिहिलेला कागद सोबत न्यावा.